रावसाहेबांची छाती

४ फेब्रुवारी

रावसाहेब आज पुन्हा फाटले.

तेही ऐन वर्गात. पुढच्या बाकावरची मुलगी अंबू दाबतेय, दाबतेय, आणि त्यांच्या बरगडीतून फुर्रर्र. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले असते, पण दुसरे रावसाहेब आणू कुठून?

रावसाहेब म्हणजे आमचा रबरी बाहुला, तान्ह्या बाळाएवढा. दिवसभर टेबलावर पडून सेवा करून घेतात आणि कोणासाठी उठत नाहीत, म्हणून मुलींनी हे नाव ठेवलं. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा कशी द्यायची, ते नर्सिंग शाळेतल्या मुलींना यांच्यावर शिकवायचं. अंबू म्हणजे मुठीत मावणारी रबरी पिशवी, तिच्या तोंडाला मास्क. मास्क बाळाच्या नाकातोंडावर घट्ट बसवायचा आणि पिशवी दाबायची. हवा आत गेली की छाती उठते. आता हे मी माझ्याच डायरीत कोणाला समजावते आहे? शिकवायची खोड आहे, ती काही जायची नाही.

त्यांच्या आतलं प्लॅस्टिकचं फुप्फुस नवं मागवून युगं लोटली. प्राचार्य म्हणतात, "वर कळवलंय." हे वर म्हणजे बहुतेक देवाकडे.

शेवटी रावसाहेबांना घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन केलं. शेकायच्या जुन्या पिशवीचं रबर कापलं, सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि ठिगळ लावलं. जरा जाडच झालं. आधी काही केल्या छाती उठेना. अंबूच्या मानेशी एक लहानशी झडप आहे. जोर लावला की ती उघडते आणि फुस्स करून हवा बाहेर सोडून देते. म्हणजे हीसुद्धा बिघडलेलीच. आमच्याकडे एखादी वस्तू धड आली तर मी दचकेन. मग झडपेवर बोट दाबून धरलं, पिशवी मुठीत पुरती आवळली, आणि रावसाहेबांची छाती उठली. घरात एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

७ फेब्रुवारी

आज वर्गाला नवी रीत शिकवली. सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं: मूठ पुरी, बोट झडपेवर, छाती उठेपर्यंत सोडायचं नाही.

सगळ्यांना जमलं, एका चिमणीला सोडून. अंगाने एवढीशी, मनगटं काडीसारखी. तिने जीव खाऊन दाबलं, कपाळावर घाम आला, पण रावसाहेब ढिम्म. बाकीच्या हसायला लागल्या तशी ती रडायला लागली. वर्ग संपल्यावर थांबवून घेतलं तिला. कपाटात भाचरांचा एक रबरी चेंडू पडला होता, तो दिला. म्हटलं, "रोज दाबत जा. बसताना, चालताना, गप्पा मारताना. हात तयार झाला पाहिजे. तुझ्या हातात उद्या कोणाचं तरी बाळ असणार आहे."

जाता जाता तिने विचारलं, "बाई, तुम्ही आजवर किती बाळांना दिली असेल अशी हवा?"

मी म्हटलं, "पळ आता, बस चुकेल."

खरं उत्तर इथे लिहायला हरकत नाही. एकाही नाही. माझ्या वेळी अंबू डॉक्टरांच्या कपाटात कुलपात असायची. आम्ही बाळाची पाठ चोळायचो, तळव्यांवर टिचक्या मारायचो आणि डॉक्टरांना बोलवायला माणूस पिटाळायचो. डॉक्टर यायचे तेव्हा मी बाळ गुंडाळून ठेवलेलं असायचं. ती गुंडाळलेली बाळं मी विसरलेली नाही. म्हणून तर या पोरींच्या मागे हात धुऊन लागते. आडगावात जायला डॉक्टर तयार नाहीत, या जातात. यांच्या हातात अंबू आहे, माझ्या हातात नव्हती.

१ मार्च

परीक्षा झाली. चिमणी आली ती थेट टेबलाशी गेली आणि पहिल्याच दाबाला रावसाहेबांची छाती टम्म उठली. मी तिला मिठीच मारली. परीक्षकांनी ऐनवेळी टांग दिली होती, त्यामुळे परीक्षकही मीच होते.

गंमत म्हणजे तिची नेमणूक खाणीकडच्या आरोग्य केंद्रावर झाली आहे. माझी लेक तिथेच राहते, जावई खाणीवर फिटर आहे. लेकीला फोन केला तर ती म्हणते, "आई, माझीही एक बातमी आहे. पाचवा महिना चाललाय." मी आजी होणार!

२२ एप्रिल

लेक बाळंतपणाला इथे येते म्हणते. मी आमच्या इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन एक चक्कर मारून आले. एका खाटेवर दोघी दोघी, उरलेल्या जमिनीवर, आणि एकच नळ चालू. गेल्या आठवड्यात तापाने दोन बाळंतिणी गेल्या. मी लेकीला स्पष्ट सांगितलं, "इथे पाऊल ठेवायचं नाही. तिथेच राहा. केंद्र स्वच्छ आहे आणि चिमणी आहे. माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली पोरगी आहे ती."

जावई म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे आमचा जीव भांड्यात पडला."

माझाही पडला.

९ मे

चिमणीचा फोन आला. हुंदके आवरत नव्हते. रात्री एक बाळ जन्मलं, श्वास नव्हता. तिने अंबू लावली, मूठ पुरी, बोट झडपेवर. बाळ गुलाबी झालं. "बाई, ते रडलंसुद्धा. बारीकसं, पण रडलं. मी त्याच्या आईला म्हटलं, बघा आलं तुमचं बाळ. हात थांबवला नाही मी, म्हटलं अजून थोडी हवा देऊ. आणि एकदम निळं पडलं. छातीची एक बाजू फुगल्यासारखी दिसत होती. मग काहीच नाही."

मी तिला खूप समजावलं. एवढं एकटीने केलंस हेच पुष्कळ आहे, पहिल्या खेपेला हात कमी पडतो. म्हटलं, "चेंडू सोडू नकोस. पुढच्या वेळी आणखी जोर लाव."

फोन ठेवल्यावर मन लागेना. रडलेलं बाळ जातं कसं?

३० मे

प्राचार्यांकडे बैठक होती. आमच्या मुली जिथे गेल्या त्या केंद्रांवर तान्ही बाळं दगावण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतंय. मी आकडे दोनदा वाचले. प्राचार्य मात्र हसतमुख. म्हणाले, "अहो बाई, आधी कोण कळवत होतं? पोरं जात होती आणि पुरली जात होती. आता तुमच्या मुली इमानेइतबारे कळवतात, म्हणून आकडा फुगतो. हे यशच आहे."

पटलं. पटवून घेतलं असं लिहू का? दोन्हीत फरक असतो, पण बैठकीनंतर चहा आला आणि विषय संपला.

१४ जून

मार्चमध्ये पास झालेल्या मुलींना उजळणीसाठी बोलावलं होतं. जवळपास प्रत्येकीकडे एखादी तरी गोष्ट होती, आणि सगळ्या एकसारख्या: गुलाबी झालं, बरं वाटलं, मग निळं. मी सगळ्यांना पुन्हा रावसाहेबांपुढे उभं केलं. एकही ढिली सापडली नाही. तरी पुन्हा पुन्हा दाबायला लावलं. आणखी काय करणार होते मी? मला दुसरं काही येत नाही.

चिमणीचंही आणखी एक बाळ गेलं. यावेळी ती रडली नाही. एका कोपऱ्यात बसून चेंडू दाबत होती. दंडावर शीर तटतटून आलेली दिसली. मी म्हटलं, "शाब्बास." ती म्हणाली, "ताईंचे दिवस भरत आले, बाई. त्यांच्या वेळी माझा हात कमी पडणार नाही."



११ जुलै

 क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

मुलांच्या डॉक्टरची जागा आमच्याकडे वर्षानुवर्षं रिकामी होती. या महिन्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. सकाळी मी नव्या मुलींना घेऊन त्यांच्या वॉर्डात गेले होते. तेवढ्यात जवळच्या केंद्रावरून माझीच एक जुनी विद्यार्थिनी जीपमधून बाळ घेऊन धावत आली. बाळ निळं, एक बाजू फुगलेली. इतके दिवस फोनवर ऐकत होते ते आज डोळ्यांसमोर.

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या छातीत सुई घातली. सुईतून हवा आली. सस्स करून, टायरची हवा सोडल्यासारखी. मग त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "फुप्फुस फाटलंय. हवा बाहेर येऊन छातीत कोंडली. अंबू कोणी दाबली?"

मुलगी ताठ उभी राहिली. "मी, मॅडम. मूठ पुरी, बोट झडपेवर. शिकवलं तस्संच." आणि माझ्याकडे बघून हसली. शाबासकी मिळणार असं वाटलं असेल तिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झडपेवर बोट? अहो, ती झडप फुस्स करते ती सांगायला, की बाई गं, जास्त होतंय. तिचं तोंड कोणी दाबायला सांगितलं?"

 मी विचारलं, "मग दाबायचं तरी किती?"

त्यांनी माझा तळहात हातात घेतला आणि दोन बोटांनी मधोमध हलकंच दाबलं. कोणी खाऊ देऊन मूठ मिटावी, तेवढंच.

"एवढंच?"

"एवढंच. खरी छाती उठायला याहून जास्त लागत नाही."

बाळ दुपारी गेलं.

घरी न जाता शाळेत गेले. रावसाहेबांची छाती उघडली आणि माझं ठिगळ ओढून काढलं. केवढं जाड रबर! या ठिगळाला उठवण्यासाठी मी पोरींच्या हातात तेवढं बळ भरलं, आणि त्या ते बळ घेऊन बाळांपुढे गेल्या. मी जमिनीवर बसले आणि ओरडून रडले. शिपाई दारात येऊन परत गेला.

११ जुलै, रात्री

प्राचार्यांना सांगितलं. हसणं गेलं त्यांचं, पण क्षणभरच. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "नुसत्या एका एक्स-रेवरून? बाई, हे बाहेर गेलं तर प्रशिक्षण बंद पडेल. मग केंद्रांवर कोणीच नसेल. ते चालेल तुम्हाला? नव्या तुकडीला बरोबर शिकवा. मागचं उकरून काय मिळणार?"

वाईट हे, की त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे.

बाहेर येऊन पोरींना फोन लावत सुटले. ज्या मिळाल्या त्यांना सांगितलं, दोन बोटं फक्त, झडपेला हात लावायचा नाही. एकीने विचारलं, "का हो बाई?" मी म्हटलं, "नवा नियम आलाय."

नवा नियम! लाज वाटली, आणि पुढच्या मुलीलाही तेच सांगितलं.

चिमणीचा फोन लागत नाही. लेकीचा लागत नाही. शेवटी खाणीच्या कचेरीतला लँडलाइन एकाने उचलला. म्हणाला, टॉवर बंद आहे, फिटरसाहेब रजेवर गेलेत, बायकोला केंद्रात नेलंय म्हणे. मी म्हटलं, "कोणाला तरी केंद्रावर पाठवा, सिस्टरला सांगा, बाईंनी निरोप दिलाय, अंबू..." तो म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. सिस्टर फार चांगली आहे आमची." आणि फोन कट.

आता पहाटेशिवाय बस नाही.

१२ जुलै, बसमध्ये

गाडी थांबली आहे म्हणून लिहिते. रस्ता खचलाय, ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत उभा आहे. त्याला म्हटलं, "माझी लेक अडली आहे." तो म्हणाला, "मावशी, रस्ताही अडलाय." हसूही येईना आणि रागही येईना.

मीच तिला तिथे ठेवलं. ती येत होती, मीच नको म्हटलं.

बाळाने आपलं आपण रडावं, एवढंच मागते. जन्मल्या जन्मल्या घसा फोडून रडावं. म्हणजे कोणी त्याला मदत करणार नाही. बाळाला मदत मिळू नये म्हणून हात जोडणारी आजी माझ्याआधी झाली नसेल.

१३ जुलै

मुलगी झाली. रडली. जावई सांगतात, पार फाटकापर्यंत आवाज आला.

मी पोचले तेव्हा लेक भिंतीला टेकून चहा पीत होती आणि बाळ शेजारी झोपलं होतं. मी दारातच बसले. लेक म्हणाली, "अगं, एवढं काय घाबरायचं? तुझीच तर विद्यार्थिनी होती." मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले. तिला वाटलं आनंदाने. आनंद होताच, नाही कसा?

मग चिमणीला शोधत गेले. ती मागच्या पडवीत हातमोजे वाळत घालत होती. मला बघून तोंडभर हसली.

"ताईंच्या बाळाला गरजच पडली नाही, बाई. पण मी तयार होते. अंबू उघडून हातात घेतली होती. हा हात बघा तरी!" तिने माझं मनगट धरलं आणि दाबलं. कळ कोपरापर्यंत गेली. खिडकीत तो चेंडू होता, दाबून दाबून रंग उडालेला.

बसमध्ये मी बरीच वाक्यं जुळवली होती. "अलीकडे असं लक्षात आलंय," वगैरे. नवा नियमही जिभेवर तयार होता. तिचा हात हातात होता म्हणून असेल, खोटं निघालं नाही. तिला रावसाहेबांचं ठिगळ सांगितलं, झडप का फुस्स करते ते सांगितलं, एक्स-रे सांगितला. म्हटलं, "तुझा हात कमी पडला नव्हता. जास्त पडला. आणि मी तो आणखी जास्त करवून घेतला. चूक माझी आहे, तुझी नाही." तिच्या तळव्यावर दोन बोटं ठेवून हलकं दाबलं.

तिने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

ती हाताकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल. मला ते हवं होतं. मग म्हणाली, "पहिलं बाळ रडलं होतं, बाई."

"हो."

"म्हणजे तिथेच थांबले असते तर..."

मी म्हणू शकले असते की सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईही तसंच म्हणाल्या असत्या. मी म्हटलं, "हो. बहुतेक जगलं असतं."

तिने मान हलवली. आतून माझी नात रडायला लागली, तशी चिमणी सवयीने दोन पावलं आत गेली, मग मागे वळली.

"त्या बाळाची आई इथेच राहते, पाण्याच्या टाकीमागे. वाटेत भेटली की माझे हात हातात घेते. म्हणते, सिस्टर, बाकी कोणी असतं तर सोडून दिलं असतं, तुम्ही शेवटपर्यंत दाबत राहिलात." तिचा आवाज तेव्हा फुटला. "तिला मी काय सांगू, बाई?"

 आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो.

लेक आतून दोनदा हाका मारून गेली, आजी नातीला घेणार आहे की नाही म्हणून. मी म्हटलं, हात धुऊन येते. धुतले, पुसले. अजून घेतलेलं नाही.

प्राचार्यांना काय वाटायचं ते वाटो. बाकीच्या मुलींकडेही जायचं आहे, एकेकीकडे, आणि फोनवर सांगितलेला तो नवा नियम परत घ्यायचा आहे. पण सकाळी आधी टाकीमागच्या घरी. चिमणी येते म्हणाली आहे. मी तिला म्हटलं, तू नुसती उभी राहा.

आधी मी बोलायचं, असं ठरलं आहे.